बुढ्यायच्या बिल्डिंगची लिफ्ट : पन्नास दिवसांचं एक प्रकरण

या इमारतीला चांगलं ठसठशीत नाव आहे, फाटकावर लोखंडी अक्षरांत लावलेलं. ते कोणी घेत नाही. ऑटोवाल्याला "बुढ्यायच्या बिल्डिंगपाशी" म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. अमरावती जिल्ह्याच्या संत्रा पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. तळमजला आणि वर दोन मजले, चौदा घरं, बहुतेक एक खोली आणि स्वयंपाकघर. २०१८ साली बांधकाम चालू असताना रस्त्याकडेच्या फलकावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत होत्या : साठीच्या पुढच्यांसाठी, लिफ्टसह, परवडणारी. या तिन्ही एका छताखाली नांदवायला महिन्याला किती पैसे लागतात, हे फलकावर नव्हतं. हे प्रकरण त्या पैशांचं आहे.

मी तिथं राहत नाही. एका कापसाच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं दिवाणजी होतो. आता सोसायटीचा हिशेब लिहितो आणि महिन्याचे आठशे रुपये घेतो. म्हणून इमारतीत मी अजूनही दिवाणजीच. झालं त्यात माझाही हात आहे, तो पुढं येईल. नावं लिहीत नाही. तशीही तिथं कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही; नात्यानं मारतात, नाहीतर जुन्या नोकरीवरून.

कोण कुठं राहतं

तळमजल्यावर चार घरं. एक ड्रायव्हरभाऊंचं. तीस वर्षं एसटी चालवली, पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेची, तीन हजारांच्या आत. या योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकलेली आहे, त्यामुळे भाऊ स्वतःला नशीबवान समजतात. त्यांच्या शेजारी संत्र्याची बाग असलेले आबाजी, पलीकडे टेलर जोडपं, कोपऱ्यात एका पोस्टमनची विधवा, जिला सगळे पोस्टकाकू म्हणतात. पहिल्या मजल्यावर गुरुजी, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. पेन्शन भरपूर, अध्यक्षपदही त्यांच्याकडंच. त्याच मजल्यावरचं एक घर मालकानं भाड्यानं दिलंय आणि त्यात बँकेत नोकरी करणारा सव्वीस वर्षांचा पोरगा राहतो. ज्येष्ठांच्या इमारतीत हा कसा, असं सुरुवातीला सगळ्यांनी विचारलं. आता कोणाचा मोबाइल अडला की त्याचंच दार वाजतं.

दुसऱ्या मजल्यावर सिस्टर. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होत्या, खेड्याखेड्यांतून सायकल हाणून दोन्ही गुडघे झिजवलेल्या. त्यांच्या शेजारी एक बंद घर. मालक वारला, मुलगा पुण्याला. आणि टोकाला माय.

माय एकाहत्तरची. नवरा गेल्यावर साडेतीन एकरातलं दोन एकर विकून तिनं हे घर घेतलं. उरलेलं दीड एकर ठोक्यानं देते, त्याचे वर्षाला पंधरा हजार येतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात. २०२३ च्या आधी ते १,००० होते. सगळं मिळून महिन्याचे २,७५०. रेशनचं धान्य फुकट. लाडकी बहीण योजना पासष्टपर्यंतच, त्यावर तिचं म्हणणं, "पासट झाले का बाई बहीण नाही रायत, बुढी होते."

मायनं दुसरा मजला का घेतला? तो चाळीस हजारांनी स्वस्त होता म्हणून. लिफ्ट आहे तर वर काय अन् खाली काय, असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि तिला ते पटलं. तळमजल्याचे दर जास्त होते. म्हणजे ज्यांच्याकडं पैसा कमी, तीच बहुतेक माणसं सगळ्यात वर गेली, उन्हात तापणाऱ्या स्लॅबखाली आणि लिफ्टच्या भरवशावर. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. दरपत्रकानं केलं.

इथला दिवस

हे वृद्धाश्रम नव्हे, हे तिथले लोक प्रत्येक पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधारांसाठी जिल्ह्यामागं किमान एक वृद्धाश्रम, तोही दीडशे जणांचा, असं कलम आहे. पण ज्याची चूल स्वतःची आहे आणि जो फक्त एकटा पडलाय, त्यानं कुठं जायचं हे कायदा सांगत नाही. ही इमारत त्या मधल्या जागेतली.

सकाळी साडेपाचला चौकीदार पंप लावतो. नळ एक दिवसाआड, बाकी बोअर. दुधाच्या पिशव्या कडीला लटकतात आणि आठनंतरही एखादी तशीच दिसली तर समोरच्यानं दार वाजवायचं. हा नियम कुठं लिहिलेला नाही. सिस्टरनं तो पहिल्या वर्षी घातला आणि आजवर तीनदा कामी आला. पेपर एकच, गुरुजींचा. तो नऊ घरं फिरून संध्याकाळी चौकीदाराच्या बायकोकडं पोचतो, तोवर शब्दकोडं चार वेगवेगळ्या अक्षरांत भरलेलं असतं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, त्यामुळे आबाजी अमरावतीला काही काम नसताना जाऊन येतात. ड्रायव्हरभाऊ त्यांना चिडवतात, "आमी गाडी चालवत होतो तवा तुमी सुट्टे पैसे नाही म्हणून भांडत होते."

उन्हाळ्यात अकराला दारं लागतात ती पाचला उघडतात. मधल्या वेळात इमारतीत फक्त कूलरचा आवाज. संध्याकाळी साडेसहाला पोर्चमध्ये राष्ट्रसंतांची सामुदायिक प्रार्थना. मोझरीचं गुरुकुंज याच जिल्ह्यात आहे, आणि आमच्याकडं तुकडोजी महाराजांची प्रार्थना देवळावाचूनही होते, दोन सतरंज्या पुरतात. रोज अकरा-बारा जण असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आणि फेब्रुवारी सरता सरता गच्चीवर वाळवणं सुरू होतात. कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या, साबुदाण्याचे पापड. सगळ्या घरांच्या बायका, तळमजल्याच्यासुद्धा, परातीच्या परात लिफ्टमध्ये घालून वर नेतात. हेही लक्षात ठेवा.

१७ एप्रिल

दुपारी बाराच्या सुमाराला माय दळण घेऊन वर जात होती. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध लाइट गेली. अशा वेळी बॅटरीवर चालून लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेणारी आणि दार उघडणारी एक यंत्रणा असते, मेकॅनिक तिला एआरडी म्हणतात. तिची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेली होती. आत दिवा नाही, पंखा नाही, बाहेर अंगाची लाही करणारं ऊन. सिस्टर बाहेर जमिनीवर बसल्या आणि दाराच्या फटीतून बोलत राहिल्या, "माय, उभी नको राहू. डब्यावर बस. पदर सैल कर. माझ्याशी बोलत राह्य." मशीनरूममधलं चाक हातानं फिरवून लिफ्ट खाली घेता येते, किल्ली चौकीदाराकडं होती, पण ते कसं करायचं हे त्याला कोणी कधी शिकवलं नव्हतं. शेवटी चौकातल्या वायरमनच्या पोराला बोलावलं. पस्तीस मिनिटांनी दार उघडलं. मायनं आधी पिठाचा डबा बाहेर सरकवला, मग पाणी मागितलं.

तासाभरानं लाइट आली ती झटक्यानं. वरून जळका वास आला आणि लिफ्ट जी बसली ती बसलीच. दोन दिवसांनी अमरावतीहून मेकॅनिक आला. ड्राइव्ह गेलेला, कंट्रोल कार्ड जळलेलं, बॅटऱ्या तर नव्हत्याच. अंदाजपत्रक ८६,००० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी १५,४८०. एकूण १,०१,४८०. सोसायटीच्या खात्यात तेव्हा बावीस हजार आणि काही रुपये होते.

एकशे सत्तर रुपये

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मेंटेनन्स घरटी ७७० होता. त्यात लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार होता : २४,००० आणि जीएसटी, म्हणजे २८,३२०. चौदा घरं, बारा महिने. घरामागं महिन्याला १६९. त्या वर्षी तीन घरांचे हप्ते थकले होते, त्यात मायचं एक. वार्षिक सभेत मीच सुचवलं की लिफ्ट नवीन आहे, दोन वर्षं करार थांबवू, मेंटेनन्स ६०० वर आणू. ठराव क्रमांक चार, अक्षर माझं. सगळे हात वर गेले. सगळ्यात आधी मायचा.

दोन वर्षांत वाचले ५६,६४०. आता लागणार होते १,०१,४८०. जिनिंगमध्ये असा व्यवहार मी केला असता तर शेठनं मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

पण फक्त एवढंच असतं तर हे प्रकरण लिहिण्यासारखं नव्हतं. मामला त्याच्याही मागं जातो. गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींत दोन निधी सांगितलेत. दुरुस्ती निधी, घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का; आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा पैसा, किमान पाव टक्का. आमच्या एका घराचा बांधकाम खर्च सहा लाख धरला तर ४,५०० आणि १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. हे आम्ही पहिल्या दिवसापासून गोळाच केले नाहीत. सोसायटी नोंदवून चार वर्षं झाली होती. नुसता दुरुस्ती निधी घेतला असता तरी अडीच लाखांवर रक्कम साठली असती आणि लिफ्टचं बिल चहा पिता पिता दिलं असतं. ऑडिटर दरवर्षी शेरा मारायचा. मी दरवर्षी "पाहू" म्हणायचो.

मी का पाहत नव्हतो, तेही सांगतो. ६०० अधिक करार १७० अधिक निधी ५००, झाले १,२७०. मायच्या २,७५० मधून. नियमानं चाललो असतो तर माय पहिल्याच वर्षी घर विकून भावाच्या पडवीत गेली असती. ड्रायव्हरभाऊही फार टिकले नसते. घर परवडलं होतं, महिना परवडत नव्हता. आणि तो परवडावा म्हणून आम्ही दर महिन्याला लिफ्ट थोडी थोडी विकून खात होतो, एवढंच. विकताना दिसत नव्हतं.

अडतीस पायऱ्या

तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत अडतीस पायऱ्या. कठडा एकाच बाजूला, तोही भिंतीच्या नव्हे, मोकळ्या बाजूला. २०२४ मध्ये महारेरानं, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष काढले : एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, दार नऊशे मिलिमीटर. आमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. तिची दारं मोजून पाहिली आणि टेप गुंडाळून ठेवला.

पहिल्या आठवड्यात गंमत वाटली. गॅलरीतून दोरीला टोपली बांधून भाजी वर, कचरा खाली. बँकेतला पोरगा सकाळी निघताना दूध-औषधं वर देऊन जायचा. दुसऱ्या आठवड्यात गंमत संपली. पारा पंचेचाळीसकडं सरकला, कूलर दिवसभर चालू. वरच्या मजल्याच्या कूलरला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. दुपारी लाइट गेली की पंप बंद, गच्चीवरची टाकी अर्ध्यावर येते, आणि टाकी अर्ध्यावर आली की सगळ्यात आधी दुसऱ्या मजल्याच्या नळाची धार तुटते.

तेव्हा वर पाणी कोणी नेलं? ड्रायव्हरभाऊंनी. वय अडुसष्ट, दोन हातांत दोन बकेट, दिवसाला सहा-सात खेपा. आणि हेच भाऊ रोज संध्याकाळी पोर्चमध्ये सांगत होते, "एक रुपया देनार नाही. आमी लिफ्टीत पाय ठेवत नाही, मंग पैसे कायचे?" मला हे उशिरा लक्षात आलं, पण त्यांच्या लेखी या दोन गोष्टींत काही विसंगती नव्हती. अंगानं मदत करणं हा शेजारधर्म. पैसे मागणं हा अन्याय.

प्रार्थनेला येणारे बाराचे सहा झाले. दुसऱ्या मजल्याचं कोणीच नाही, पहिल्याचे निम्मे. गुरुजींनी प्रार्थना पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर नेली. वरच्यांना एकोणीस पायऱ्या उतरायच्या, खालच्यांना एकोणीस चढायच्या. त्या संध्याकाळी नऊ आले. माझ्या मते या पन्नास दिवसांत गुरुजींनी केलेलं सगळ्यात शहाणं काम ते, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

मायला पोस्टकाकूंनी खाली स्वतःच्या खोलीत आणलं. ती तीन आठवडे तिथं राहिली. नुसतं बसवेना म्हणून भाकरी थापायला लागली, आधी काकूंसाठी, मग वरच्या म्हाताऱ्यांसाठी, मग बँकेतल्या पोरासाठी. पोरानं पहिल्याच दिवशी भाकरीमागं दहा रुपये ठेवले. मायनं ते परत केले. त्यानं पुन्हा ठेवले. चौथ्या दिवशी तिनं ठेवून घेतले.

जिन्याच्या भिंतीला दुसरा कठडा बसला तो आबाजींमुळे. त्यांच्या बागेतल्या दोन बोअर आटलेल्या. या पट्ट्यात भूजल इतकं उपसलं गेलंय की हजार-हजार फूट जाऊनही कोरडी धूळ उडते. आटलेल्या बोअरमधून उपसून काढलेले लोखंडी पाइप बांधावर पडून होते. त्यातले सव्वा इंची चांगले निवडून आणले. वेल्डिंगचा खर्च २,८०० तेवढा सोसायटीनं दिला. संत्र्याचं पाणी आणायचे ते पाइप आता म्हाताऱ्यांना वर चढवतात.

३ मेच्या रात्री दुसऱ्या मजल्यावरचे काका बरळायला लागले. बीपीची गोळी, अंगातून गेलेला घाम आणि अळणी जेवण. सिस्टरनं पाहताक्षणी सांगितलं, सोडियम उतरलंय. १०८ ची गाडी अकरा मिनिटांत आली, पण काकांना खाली आणायला बारा मिनिटं लागली. प्लास्टिकच्या खुर्चीला गमछे बांधून चौघांनी उतरवलं. पुढं ड्रायव्हरभाऊ. खरं सांगायचं तर सहा माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतच नाही, लिफ्ट चालू असती तरी काका खुर्चीतच उतरले असते, फक्त एका मिनिटात. ते पाच दिवसांनी परत आले. पण त्या बारा मिनिटांनी सभा बोलावली.

सभा

मेच्या दुसऱ्या रविवारी, पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर. मी उपविधी वाचून दाखवला : लिफ्टची देखभाल, दुरुस्ती आणि चालवण्याचा खर्च सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, कोणी लिफ्ट वापरो न वापरो. चौदानं भागलं, ७,२४९ रुपये. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "हा कायदा मुंबईच्या वीस माळ्यायच्या बिल्डिंगीसाठी असन." टेलरमास्तरांनी मान हलवली. पोस्टकाकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्याकडंही सात हजार नव्हतेच. गुरुजींनी कलम पुन्हा वाचलं. त्यानं वातावरण आणखी बिघडलं. कायदा बरोबर होता, पण कायद्यानं कोणी खिशात हात घालत नव्हतं.

मग सिस्टर बोलल्या, बसल्या बसल्या, आवाज न चढवता.

"भाऊ, तुमच्या घरी राती कूलर किती वाजता बंद करता?"

"बारा-साडेबाराले."

"कायले?"

"थंडी वाजते पहाटं."

"आमी रातभर लावून ठेवतो, तरी भिंतीले हात लावला तर चटका बसते. तुमच्या डोक्यावर दोन मजले हायेत, म्हणून तुमाले थंडी वाजते. ते दोन मजले म्हंजे आमी. आमी ऊन खातो तवा तुमचं घर थंड रायते. त्याचे पैसे आमी कधी मागतले का?"

कोणी काही बोललं नाही. मी मनात हिशेब मांडत होतो, कारण सगळ्या घरांची वीजबिलं बँकेतला पोरगा भरतो आणि आकडे मला माहीत होते. मेमध्ये सिस्टरचं बिल ड्रायव्हरभाऊंच्या जवळजवळ दुप्पट असतं, खोली तेवढीच. वाटणीचा हा हिशेब कुठल्याच उपविधीत नाही.

भाऊंनी एक शेवटचा प्रयत्न केला. "तरीबी, आमचे पाय लिफ्टीले लागत नाही." यावर त्यांची बायकोच हसली. मागच्या महिन्यात तिच्या तीन पराती कुरड्या लिफ्टनंच वर गेल्या होत्या, आणि हे सगळ्या बायकांना माहीत होतं. "याचे पाय नाही लागले," ती म्हणाली, "याच्या कुरड्या लागल्या."

हसण्यात विषय मऊ झाला. तेवढ्यात गुरुजींनी गोंधळ केला. मोठ्या मनानं म्हणाले, ज्यांना जमत नाही त्यांचे मी भरतो, पाच-सहा घरांचे, काही हरकत नाही. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. मायला नाही.

"नको जी गुरुजी," ती म्हणाली. "मंग मी लिफ्टीत चढतानी दरखेपी तुमाले नमस्कार करू का?"

गुरुजी दुखावले. दोन दिवस ते प्रार्थनेलाही आले नाहीत. पण मायचं बरोबर होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. अशा इमारतीत एकानं सगळ्यांचे पैसे भरले की दुसऱ्या वर्षापासून पंप कधी लावायचा, हे त्याला विचारून ठरतं.

पैसे कसे उभे राहिले

जिनिंगमध्ये हंगामाआधी पैसा कमी पडला की शेठ व्यापाऱ्यांकडून मालापोटी आगाऊ रक्कम उचलायचा. उपकार नाही, व्याज नाही. माल गेला की फिटलं. मी तेच इथं मांडलं. हिस्सा सगळ्यांना सारखा, ७,२४९. सहा घरांनी तो एकरकमी दिला, ४३,४९४ झाले. आठ घरांनी दहा हप्त्यांत द्यायचा, महिन्याला ७२५. मधली तूट सुमारे अठ्ठावन्न हजारांची. त्यात बँकेतले बावीस हजार घातले, आणि उरलेल्या छत्तीस हजारांसाठी गुरुजी, सिस्टर आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या साहेबांनी आपापला वीस महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ भरला. प्रत्येकी बारा हजार. हे दान नव्हे. वीस महिने त्यांना ६०० चा मेंटेनन्स लागणार नाही, वहीत ‘आगाऊ जमा’ म्हणून लिहिलंय. गुरुजींचा राग त्यानं उतरला. मायला कोणाला नमस्कार करावा लागला नाही.

खातं रिकामं करून काम करणं हा धोका होता. पंप जळला असता तर हातात काही नव्हतं. तो जळला नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

मृग लागायच्या आदल्या दिवशी, ६ जूनला लिफ्ट सुरू झाली. पहिल्या फेरीला कोणी बसेना. शेवटी चौकीदाराची पोरगी दोनदा वर-खाली जाऊन आली. मेकॅनिककडून चाक फिरवायला चौकीदार शिकला, बँकेतला पोरगाही शिकला. देखभालीचा करार पुन्हा केला. मेंटेनन्स आता ८७० : जुने ६००, करार १७०, आणि दुरुस्ती निधी म्हणून १०० रुपये. नियमानं ३७५ हवेत. ऑडिटर शेरा मारेल, मला माहीत आहे. पण शून्याचे शंभर झालेत.

माय वर परत गेली. पोस्टकाकूंनी थांब म्हटलं, खाली थंडही होतं. पण तिच्या गॅलरीतून पार लांब सातपुड्याची रेघ दिसते आणि त्याच्या अलीकडं तिच्या गावचा टॉवर. भाकरी ती अजून करते, रोजच्या दहा-बारा, वरूनच. डबे लिफ्टनं खाली येतात. ड्रायव्हरभाऊ त्यातल्या दोन घेतात, आणि त्या वर जाऊन आणतात, जिन्यानं, बोअरच्या पाइपला धरून.

आठ हप्तेवाल्यांपैकी सात नियमित आहेत. आठवं ते बंद घर. पुण्याला फोन केला तर मुलगा म्हणाला, "आम्ही वापरतच नाही ना काका." अगदी ड्रायव्हरभाऊंचाच मुद्दा, फक्त त्याच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाचे मजले नाहीत. सोसायटीला वसुलीचा दाखला मागता येतो, सहकार कायद्यात कलम १५४ब-२९ त्यासाठीच आहे. गुरुजी कागदावर सही करायला तयार नाहीत; वारलेला मालक त्यांचा वर्गमित्र होता. मी आणखी एक पत्र पाठवलंय.

मायचा तिसरा हप्ता पोळ्याच्या आदल्या दिवशी आला, सातशे पंचवीस मोजून, दहा-दहाच्या नोटा आणि वर पाचचं नाणं. सप्टेंबरात वार्षिक सभा आहे. निधी शंभरचा दीडशे करावा असा विषय मी काढलाय. ते ऐकून ती जाता जाता दारात थांबली.

"हात तं वर करीन मी," म्हणाली. "पन दिवाणजी, सव्वाशे नाही जमत का?"